गावाचा विकास मोजताय? मग या चुका टाळा

नागपूर जिल्ह्यात चौदा तहसिली आहेत, कुठल्याही पंचायत समितीच्या आढावा बैठकीत बसा, पहिला प्रश्न हाच की निधी किती खर्च झाला. सगळ्यात मोठी चूक इथंच होते. पैसा खर्च होणं, काम पूर्ण होणं आणि लोकांचा त्रास कमी होणं हे तीन वेगळे आकडे आहेत राजेहो, तिन्ही वेगवेगळे मोजावे लागतात.

नळाचंच घ्या. जलजीवन मिशन 15 ऑगस्ट 2019 ला जाहीर झालं, आणि त्यात नुसती तोटी बसवा असं नाहीये, माणशी रोज 55 लिटर पाणी, तेही पिण्यालायक आणि नियमित. म्हणजे पाच जणांच्या घराला 275 लिटर. पण होतं काय, तोटीचा फोटो काढला, पोर्टलवर नोंद झाली, झाले शंभर टक्के! यावर उपाय साधा आहे, 15 लिटरची बादली किती मिनिटांत भरते ते मोबाईलवर मोजा, नळ किती वेळ चालतो ते घरच्या बाईला विचारा आणि हिशोब लावा. टाकीजवळच्या घरी नको, लाईनीच्या शेवटच्या घरी जा. आणि मे महिन्यात जा, कारण ऑक्टोबरात काटोल-नरखेडकडच्या विहिरींनाही पाणी असतं, तेव्हाच्या आकड्यावरून उन्हाळ्याचं काहीच कळत नाही.

'हर घर जल'च्या, म्हणजे घरोघरी नळाचं पाणी पोचलेल्या गावांच्या यादीतही घोळ होतो. योजना पूर्ण झाल्याचं विभागानं कळवलं की गाव 'रिपोर्टेड', ग्रामसभेनं ठराव केला की मग 'सर्टिफाइड'. हे दोन आकडे एकत्र करून सांगू नका.

टक्केवारी जास्तच चांगली दिसतेय? कुटुंबसंख्या कोणत्या वर्षाची धरली ते आधी बघा, भाऊभाऊ वेगळे झाले, चुली वाढल्या आणि यादी मात्र जुनीच असं सर्रास असतं.

सरासरीवर तर अजिबात विसंबू नका. गावात 90 टक्के घरांना पाणी मिळतं आणि राहिलेली सगळी घरं पारधी बेड्यावरची, म्हणजे पारधी समाजाच्या वस्तीतली असतील तर ते 'थोडं बाकी' नाही, तिथं योजना पोचलीच नाही. वस्तीनिहाय वेगळा तक्ता करा, कितीही वेळ लागो.

घरकुलाचं पण तसंच, शेवटचा हप्ता गेला म्हणजे कुटुंब राहायला गेलं असं नाही, आत चूल आहे का, मीटर लागलं का ते जाऊन बघा.

आणि पाहणीला भर दुपारी जाऊ नका, कापूस वेचणीच्या दिवसांत तर नाहीच, घरी म्हातारी माणसंच सापडतात. संध्याकाळी जा, भरलेला तक्ता त्याच वस्तीत मोठ्यानं वाचून दाखवा, चुकलेलं नाव लोक तिथल्या तिथं सांगतात.