स्वस्तातली सहल महाग कुठे पडते? या चुका टाळा

बजेट कमी असलं की माणूस आधी तिकिटाच्या मागे लागतो. रात्री जागून तीन-तीन ॲपवर तीच फ्लाइट बघायची, दर जरा उतरला की लगेच बुकिंग उरकायचं. आणि मग तिथे वाचवलेले पैसे टॅक्सीत, जादा बॅगेत आणि ‘आता एवढ्या लांब आलोच आहोत तर’ या एका वाक्यात उडवायचे. माझ्या मते कमी पैशांतली सहल बहुतेक वेळा बिघडते ती काटकसर भलत्याच ठिकाणी केल्यामुळे.

फक्त तिकिटाचा दर बघणे

स्वस्त विमान नेमकं कुठे उतरवतं ते नकाशावर बघा. फ्रँकफर्ट-हान नावाचा विमानतळ फ्रँकफर्टपासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे. पॅरिस-बोव्हे पॅरिसपासून जवळपास ८५. नावात शहर आहे म्हणून तो शहरात असेलच असं नाही. त्यात विमान मध्यरात्री पोचणारं असेल आणि शेवटची बस निघून गेलेली असेल, तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ठरलेला.

बॅगेचंही तसंच. युरोपात रायनएअर या स्वस्त विमान कंपनीने २००६ मध्ये चेक-इन बॅगेचे वेगळे पैसे घ्यायला सुरुवात केली, २००८ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने पहिल्याच बॅगेला दर लावला, आणि आता सगळ्यात स्वस्त तिकीट म्हणजे बहुधा एक माणूस आणि सीटखाली मावेल एवढी पिशवी. बॅग न्यायचीच असेल तर ती तिकिटासोबतच बुक करा. गेटवर तिचेच पैसे बरेच जास्त लागतात. घरून निघताना वजन आणि मापं दोन्ही तपासा. चाकं आणि हँडलही मापात धरतात, हे बहुतेकांना गेटवरच कळतं.

दोन वेगवेगळ्या कंपन्यांची तिकिटं स्वतः जोडून पैसे वाचतात खरे. पण पहिलं विमान लेट झालं आणि दुसरं सुटलं, तर सहसा दुसरी कंपनी हात वर करते. असं करायचंच असेल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा, शक्यतो एक रात्रच. आणि एकाच रिटर्न तिकिटावर जायचा प्रवास सोडून द्यायचा विचार असेल तर आधी नियम वाचा, कारण कित्येक कंपन्या मग परतीचं तिकीटही रद्द करून टाकतात.

ब्राउझरची इन्कॉग्निटो (खासगी) विंडो उघडून मंगळवारी मध्यरात्री बुकिंग केलं की तिकीट स्वस्त मिळतं, या तोडग्यावर वेळ घालवू नका. तारीख दोन दिवस मागेपुढे करून बघा, फरक तिथे दिसेल.

सात दिवसांत पाच गावं

सगळ्यात महागडी चूक हीच, आणि ती काटकसरी माणसंच जास्त करतात. एकदाच जाणार, तर सगळं बघून घेऊ, असा हिशेब असतो. प्रत्येक मुक्काम बदलला की काय होतं ते बघा. सकाळी दहा-अकराला खोली सोडायची. नव्या गावातली खोली दुपारी दोन-तीननंतर मिळणार. मधल्या वेळात बॅगा ओढत फिरायचं, नाहीतर त्या ठेवायला पैसे मोजायचे. मुलं भुकेने कुरकुरायला लागली की समोर दिसेल त्या हॉटेलात शिरायचं, आणि समोर दिसतं ते स्टेशनबाहेरचं, म्हणजे महाग आणि बेचव. संध्याकाळी नवा रस्ता शोधायचा कंटाळा येतो, म्हणून टॅक्सी. अर्धा दिवस गेला, पैसे गेले आणि बघून काहीच झालं नाही.

एकाच गावी चार-पाच दिवस राहिलं की दुसऱ्या दिवसापासूनच खर्च आपोआप उतरतो. कुठली बस कुठे जाते हे समजतं, स्थानिक लोक कुठे जेवतात ते दिसतं, दुकानं सापडतात. आठवडाभर राहणाऱ्यांना बऱ्याच ठिकाणी दरही कमी लावतात. आसपासच्या जागा सकाळी जाऊन संध्याकाळी परत येऊन बघता येतात. दोन गावं करायचीच असतील तर एका गावी उतरा आणि दुसऱ्या गावाहून परत निघा. त्याच वाटेने मागे येण्याचा खर्च वाचतो.

लांबची स्वस्त खोली

खोलीचा दर बघताना माणसं मोजायला आपण विसरतो. चौघांचं कुटुंब रोज गावात जाऊन परत येणार म्हणजे दिवसाला आठ तिकिटं, पाच दिवसांत चाळीस. त्यात रोज जाण्या-येण्याचा तासभर धरा. दुपारी परत येऊन पडायची सोय नाही, त्यामुळे बाहेरच बसावं लागतं, आणि बाहेर बसलं की काहीतरी मागवावंच लागतं. म्हणून खोलीचं भाडं आणि येण्या-जाण्याचा खर्च एकत्र करूनच तुलना करा. शेवटची बस किती वाजता असते तेही बघून ठेवा.

साधं स्वयंपाकघर किंवा निदान किटली आणि छोटा फ्रिज असलेली खोली थोडी महाग असली तरी परवडते. सकाळचा नाश्ता आणि एक वेळचं हलकं जेवण खोलीवर झालं की दिवसातून एकदा बाहेर मनासारखं जेवता येतं. तेही दुपारी, अनेक ठिकाणी तेच जेवण रात्री महाग असतं.

ऑफ-सीझन म्हणून डोळे मिटून जाणे

दर पडलेत, तर का पडलेत हे आधी विचारा. कॅरिबियनमध्ये १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा मोसम असतो. ग्रीसच्या अनेक छोट्या बेटांवर हिवाळ्यात हॉटेलं बंद असतात आणि बोटी मोजक्याच सुटतात. गर्दीचा मोसम सुरू होण्याच्या जरा आधी किंवा संपल्यावर लगेच जावं. हवा ठीक असते आणि भाव उतरलेले असतात. शाळेच्या सुट्ट्यांना बांधलेल्या कुटुंबांना ही चैन नाही. त्यांनी सुट्टीचा पहिला आणि शेवटचा शनिवार-रविवार तेवढा टाळावा.

पास आणि ‘फ्री’ची भूल

शहराचा पास, म्हणजे एकाच तिकिटात बरीच ठिकाणं, घेतला की तो वसूल करायच्या नादात दिवसाला पाच संग्रहालयं होतात आणि एकही लक्षात राहत नाही. आधी तुम्हाला खरोखर काय बघायचंय ते लिहा, त्यांच्या तिकिटांची बेरीज करा, मग पासची किंमत बघा. बऱ्याचदा पास नकोच असतो. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधला कायमस्वरूपी संग्रह फुकट बघता येतो. माद्रिदचं प्रादो संग्रहालय संध्याकाळी शेवटचे दोन तास मोफत असतं, पण त्यासाठीची रांग लांब असते, तेव्हा तो वेळही धरावा.

नको तिथे कात्री

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये थंड पाण्यात हात बुडवायला लावून एक प्रयोग केला होता. त्यातून दिसलं की अनुभव किती वेळ चालला यापेक्षा त्यातला सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट आपल्या आठवणीत जास्त वजन टाकतात. प्रयोग सहलीचा नव्हता, पण मला तो सहलीला चपखल वाटतो. म्हणून ज्या एका गोष्टीसाठी निघालात, ती बोटीची फेरी असो की जंगल सफारी, तिचे पैसे सगळ्यात आधी बाजूला काढा. बाकीच्या दिवसांत पायी फिरा, बागेत बसा, बाजार बघा. दारापर्यंत जाऊन ‘महाग आहे’ म्हणून परत फिरण्यासारखी हळहळ दुसरी नाही.

बरोबरच्यांशी पैशाचं न बोलणे

मित्रांच्या ग्रुपमध्ये याची लाज वाटते. एकाला एसी खोली हवी असते, दुसऱ्याला बंक बेड चालतो, तिसरा सगळ्यांच्या वतीने महागडं काहीतरी मागवतो आणि बिल समान वाटलं जातं. चौथा गप्प बसतो आणि पुढच्या वेळी येत नाही. बुकिंगआधीच प्रत्येकाने आपला वरचा आकडा सांगावा आणि सगळ्यात छोट्या आकड्यावर बेत आखावा. खोली आणि वाहन यांसाठी सगळ्यांनी आधीच काँट्री काढावी. खाणं-पिणं ज्याचं त्याने.

परदेशात कार्ड वापरताना

मशीन विचारतं, ‘तुमच्या चलनात पैसे कापू की इथल्या?’ आपलं चलन ओळखीचं म्हणून आपण ते निवडतो आणि दुकानदाराच्या बाजूचा वाईट दर गळ्यात पडतो. नेहमी तिथलंच चलन निवडा. एटीएमला दर व्यवहाराला ठरावीक फी लागत असेल, तर रोज थोडे काढण्यापेक्षा एकदाच काढा.

आणि पैसे मध्येच संपत आले तर?

घाबरून त्याच संध्याकाळी सगळं रद्द करू नका. आधी परतीचा खर्च वेगळा काढा: विमानतळापर्यंतचा, वाटेतल्या जेवणाचा आणि उतरल्यावर घरापर्यंतचा. हा शेवटचा टप्पा हमखास विसरला जातो. उरलेल्या रकमेला उरलेल्या दिवसांनी भागा आणि तो आकडा सगळ्यांना सांगा, मुलांनाही. मग टॅक्सी बंद, खरेदी बंद, तिकिटाच्या जागांपैकी एकच. खोली मात्र बदलू नका. आयत्या वेळी मिळणारी खोली क्वचितच स्वस्त असते आणि आधीच्या बुकिंगचे पैसे बहुधा परत येत नाहीत. तरीही भागत नसेल तर परतीची तारीख अलीकडे आणायला किती लागेल ते विमान कंपनीला विचारून ठेवा. तारीख बदलण्याची फी आणि दरातला फरक मिळून रक्कम राहण्याच्या खर्चापेक्षा जास्त होत असेल, तर उरलेले दिवस तिथेच पायी फिरून काढा.