एअर कार्गोत यायचंय? पहिली नोकरी शेडमधली घ्या

नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून लॉजिस्टिक्स शिकणारी मुलं हमखास विचारतात, ‘कार्गो हबच्या (जिथे माल एका विमानातून दुसऱ्यात जातो अशा मोठ्या केंद्राच्या) प्लॅनिंगमध्ये जायचं तर कोणता कोर्स करू?’ मी अंधेरीत फ्रेट फॉरवर्डिंगमध्ये, म्हणजे ग्राहकांचा माल परदेशी पाठवून देण्याच्या धंद्यात आहे. माझं उत्तर ठरलेलं आहे: कोर्स जरूर करा, पण सुरुवातीची एक-दोन वर्षं सहारच्या, म्हणजे मुंबई विमानतळाच्या, कार्गो शेडमध्ये काढा. माल कुठे आणि का अडतो, हे ज्याने पाहिलेलं नाही, त्याने हबचा आराखडा काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक्स्पोर्टचा प्रवास कागदावर सोपा दिसतो. आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर शिपिंग बिल (निर्यातीचा अर्ज) फाइल होतं, भिवंडीच्या गोदामातून गाडी निघते, टर्मिनलवर वजन-माप, एक्स-रे, कस्टम्सची तपासणी आणि लेट एक्स्पोर्ट ऑर्डर, म्हणजे माल बाहेर न्यायला कस्टम्सची परवानगी. प्रत्यक्षात एअरवे बिलावर (विमानाने जाणाऱ्या मालाच्या पावतीवर) दहा पेट्या आणि गाडीत नऊ असल्या, की सगळं जागच्या जागी थांबतं. विमान दुबईला तीन-साडेतीन तासांत पोचतं. त्याच मालाचा इथे जमिनीवर अख्खा दिवस सहज जातो. हब व्हायचं तर हा दिवस कमी करावा लागतो.

वजनाचा हिशेब पहिल्याच आठवड्यात पक्का करा. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 6000 ने भागायचं; हे झालं आकारमानाचं वजन किलोत. ते आणि प्रत्यक्ष वजन यांतलं जे जास्त, त्यावर भाडं लागतं. 60 × 50 × 40 ची पेटी प्रत्यक्षात 12 किलोची असली तरी भाडं 20 किलोचं लागतं. पार्टीशी, म्हणजे माल पाठवणाऱ्या ग्राहकाशी, निम्मे वाद यावरूनच होतात.

पॅलेट बांधताना मात्र जवळ उभं राहून बघा. पॅलेट म्हणजे 318 × 244 सेंटिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा, त्यावर माल रचून तो विमानात चढवतात. जड पेट्या खाली, हलक्या वर, कडा सरळ, वरून प्लास्टिक, मग जाळी. प्रवासी विमानाच्या पोटात जाणार असेल तर उंची साधारण 160 सेंटिमीटरपर्यंतच; मालवाहू विमानाच्या वरच्या डेकवर जास्त चालते. अनुभवी लोडर नुसती नजर टाकून सांगतो, ‘साहेब, ही पेटी आडवी टाका, नाहीतर जाळी बसणार नाही.’ त्याचं ऐका. मुंबईचा कितीतरी माल प्रवासी विमानांतूनच जातो, म्हणून तिथे प्रत्येक इंचाला किंमत आहे.

नाशवंत मालाचं काम मिळालं तर सोडू नका. अमेरिकेला जाणाऱ्या हापूसवर वाशीला पणन मंडळाच्या केंद्रात विकिरण प्रक्रिया होते, तिथून पेट्या सहारला येतात. औषधांत 2 ते 8 अंशांचा माल वेगळा, 15 ते 25 चा वेगळा. शीतगृह कितीही चांगलं असो, मे महिन्यात तिथून विमानापर्यंतच्या उन्हातल्या मिनिटांत माल बिघडू शकतो. नियोजन करणाऱ्याने घड्याळ लावून मोजावीत ती ही मिनिटं.

आता नवी मुंबई. 8 ऑक्टोबर 2025 ला उद्घाटन झालं, 25 डिसेंबरपासून विमानं उडू लागली. पहिल्या टप्प्यात वर्षाला 5 लाख टन मालाची क्षमता धरली आहे. उरणचं जेएनपीए बंदर जवळ, तळोजा एमआयडीसी जवळ, मुंबईशी जोडायला अटल सेतू. सहारला चारही बाजूंनी वस्ती आहे, तिथे पसरायला जागाच नाही. म्हणून मला या विमानतळाकडून मनापासून आशा आहे. पण आपला बराच माल आजही दुबई-दोहाला विमान बदलून पुढे जातो. परदेशातून आलेला माल इथे उतरून दुसऱ्या विमानाने तिसऱ्या देशात जाऊ लागेल, तेव्हाच याला हब म्हणता येईल. त्यासाठी जोडणारी विमानं हवीत आणि ट्रान्सशिपमेंटचे कागद काही तासांत हातावेगळे व्हायला हवेत. ज्यांना पुढे प्लॅनिंगमध्ये जायचंय, त्यांनी अभ्यास याचा करावा.

बाकी तयारीचं थोडक्यात. कस्टम्स ब्रोकरकडे (कस्टम्सचं काम करून देणाऱ्या एजंटकडे) लागलात तर जी-कार्डच्या, म्हणजे ब्रोकरच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या कस्टम्सच्या परीक्षेची तयारी लगेच सुरू करा. धोकादायक मालाचं आयाटा (विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) प्रशिक्षण घ्या. ते दर दोन वर्षांनी पुन्हा करावं लागतं, आणि लिथियम बॅटऱ्यांमुळे त्याला सतत मागणी आहे. विमानतळाच्या प्रवेशपत्रासाठी पोलीस पडताळणी लागते, त्यामुळे पत्त्याचे पुरावे आधीच नीट करून ठेवा. शिफ्ट निवडायला मिळाली तर रात्रीची मागा. मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, आणि शेडमधलं खरं काम तेव्हाच चालतं.