हज आणि उमरा: या चुका टाळा

उमरा म्हणजे छोटा हज, एवढं ऐकून लोक निघतात आणि तिथेच घोळ सुरू होतो. उमऱ्यात इहराम (दोन चादरी नेसून धरायची यात्रेची पवित्र अवस्था), तवाफ (काबाभोवती फेऱ्या), सफा-मरवा या टेकड्यांमधली सई (सात खेपा) आणि केस काढणं. काही तासांत पुरा, वर्षभरात केव्हाही. हज मात्र जिल्हज्ज या इस्लामी महिन्याच्या 8 ते 12-13 तारखेलाच. रमजानमधल्या उमऱ्याचा सवाब (पुण्य) हजइतका सांगितलाय, पण त्याने फर्ज म्हणजे सक्तीचा हज फिटत नाही. शाफई आणि हनफी या सुन्नींच्या दोन शाखा. कोकणातल्या शाफई घरांत उमराही आयुष्यात एकदा सक्तीचा, हनफींकडे सुन्नत, म्हणजे करावा पण सक्ती नाही.

इहरामच्या चादरी मोठ्या बॅगेत टाकू नका. दरवर्षी कुणीतरी टाकतंच. मुंबईहून निघालेलं विमान जेद्दाला टेकण्याआधीच मीकात, म्हणजे इहरामशिवाय ओलांडू नये ती सीमा, ओलांडतं. घोषणा होते, माणूस शर्ट-पँटमध्ये आणि चादरी सामानाच्या कप्प्यात! मीकातवर परत जा, नाहीतर दम द्या, म्हणजे हरमच्या (मक्केच्या पवित्र) हद्दीत बकऱ्याची कुर्बानी. चादरी घरूनच नेसाव्यात. नियत (मनातला संकल्प) आणि तलबिया (‘लब्बैक’चा घोष) मात्र मीकात जवळ आल्यावर. विमान रखडलं तरी अत्तर, नखं, केसांची बंधनं आधीपासून लागत नाहीत. थेट मदिनेला जाणाऱ्यांनी विमानात इहराम बांधायची गरज नाही. मक्केला निघताना जुलहुलैफाला, म्हणजे मदिनेजवळच्या मीकातवर, बांधावा.

दुसरी चूक दमानेही भरून निघत नाही. हजमध्ये जिल्हज्जच्या 9 तारखेला दुपार ढळल्यापासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंत मक्केजवळच्या अराफात मैदानाच्या हद्दीत थोडा वेळ तरी असावंच लागतं. नमिरा मशिदीचा पुढचा भाग या हद्दीबाहेर, उरना खोऱ्यात येतो. गारव्याला तिथेच दिवसभर बसून परस्पर मुजदलिफाची, म्हणजे पुढच्या मुक्कामाची, बस धरली, तर हज गेला. मग उमऱ्याच्या क्रिया करून इहराम सोडायचा आणि हज पुन्हा करायचा. एवढ्या वर्षांची पुंजी लावून आलेल्या माणसाने हद्दीचे फलक स्वतः वाचावेत, गर्दीमागे जाऊ नये. आणि सूर्य मावळेपर्यंत हलू नये. बसमध्ये जागा मिळावी म्हणून लवकर निघणं मला अजिबात पटत नाही.

सई सफावरून सुरू, मरवावर संपते. जाणं एक, येणं दुसरं, अशा सात. जाऊन-येऊन एक मोजणारे चौदा चालतात.

तवाफात हतीमच्या (काबालगतच्या अर्धगोल भिंतीच्या) आतून जवळचा रस्ता काढलात तर ती फेरी धरली जात नाही, कारण हतीम काबाचाच भाग.

हजमध्ये सैतानाला मारायचे खडे हरभऱ्याएवढे, एका वेळी एकच. सातही एकदम फेकले तर एकच मोजतात.