कोंगा-बोंगो शिकताय? या चुका टाळा (तबलेवाल्यांनी तर नक्कीच)

ऑर्केस्ट्रात आपण ज्याला सरसकट ‘कोंगो’ म्हणतो तो मूळचा क्युबाचा कोंगा. तिकडे त्याला तुंबादोरा म्हणतात. माझा हात तबल्यावर बसलेला, त्यामुळे पहिल्या दिवशी वाटलं, पुडीच (ताणलेलं कातडंच) तर आहे, वाजेल की! आठवडाभरात बोटं सुजली आणि आवाज पत्र्याच्या पिंपासारखा.

जोर लावणं

पहिली चूक हीच. खुली थाप मारताना बोटं जुळलेली हवीत, बोटांच्या मुळाशी असलेली तळहाताची उशी काठावर पडली पाहिजे आणि हात तव्याला चटका बसल्यासारखा लगेच उचलला गेला पाहिजे. हात पुडीवर रेंगाळला की नाद तिथेच मेला. स्लॅपची गंमत उलटी. त्यात बोटं ढिली, पंजा किंचित वाटीसारखा आणि फक्त बोटांची टोकं पुडीवर चापट मारतात. तो कडक ‘चट’ ताकदीने नाही, ढिलेपणाने येतो. तुमची खुली थाप आणि स्लॅप सारखीच ऐकू येत असेल तर वेग निम्मा करा आणि दोन्ही आळीपाळीने वाजवा. अंगठी आधी काढून ठेवा. तासन्‌तास जोरात बडवल्यावर लघवी लालसर झाली तर ‘उष्णता झाली’ म्हणून सोडून देऊ नका. हाताला बसणाऱ्या सततच्या माराने रक्तपेशी फुटून असं होऊ शकतं. वादन थांबवा, डॉक्टरांना दाखवा.

खर्ज लागत नाही

दोष बहुतेकदा हाताचा नसतो. कोंगा खालून उघडा असतो, आणि तो जमिनीवर सपाट टेकवला की खर्ज आतच कोंडतो. गालिच्यावर तर विचारूच नका. बसून वाजवताना गुडघ्यांत धरून थोडा पुढे कलवा, म्हणजे खालची एक कड उचलली जाते. नाहीतर स्टँड घ्या.

सम चुकणं

आपल्या कानाची खरी फजिती इथे होते. साल्सात, म्हणजे क्युबन वळणाच्या नाचाच्या संगीतात, कोंग्याचा नेहमीचा ठेका म्हणजे तुंबाव. आठ मात्रांचा हिशेब धरा: डाव्या पंजाची टाच, डावी बोटं, उजवा स्लॅप, डावी बोटं, पुन्हा टाच, बोटं, आणि शेवटी उजव्या हाताच्या दोन खुल्या थापा. मी त्याचे बोल करून घेतले होते: ‘ट-क-चट्-क-ट-क-डुं-डुं’. सगळ्यात ठळक ते ‘डुं-डुं’, म्हणून आपला कान पहिल्या ‘डुं’लाच सम समजतो आणि सगळं आवर्तन दोन मात्रांनी सरकतं. सम आहे पहिल्या ‘ट’वर, जो धड ऐकूही येत नाही. बासवालाही त्या जागी बहुतेकदा गप्पच असतो, म्हणजे आधाराला कोणी नाही. उपाय: वाद्य बाजूला ठेवा, बोल तोंडाने म्हणा आणि टाळी फक्त पहिल्या ‘ट’वर द्या. दोन दिवस चिडचिड होईल.

हे जमलं की तिहाईचा, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येण्याचा, मोह होतो. आवरा. या संगीताचा कणा म्हणजे क्लावे, दोन मापांत वाटलेले पाच ठोके, एकीकडे तीन, दुसरीकडे दोन. गाणं तीन-दोनवर चाललंय की दोन-तीनवर, हे ओळखल्याशिवाय मध्ये घुसलात तर तिहाई गणिताने बरोबर येऊनही बेसूर लागते. क्युबाच्या आर्सेनियो रोद्रिगेसने 1940 च्या सुमारास सोन (तिकडचा एक संगीतप्रकार) वाजवणाऱ्या आपल्या बँडमध्ये कोंगा आणला. अशा बँडमध्ये कोंगा लय धरून ठेवतो आणि सजावट बोंगोवाला करतो. नव्या माणसाला दोन्ही कामं एकट्यानेच करायची असतात!

बोंगो उलटा धरणं

उजव्या हाताच्या वादकाचा तबला उजवीकडे, डग्गा डावीकडे. बोंगोत मात्र चढा, लहान ‘माचो’ डावीकडे आणि मोठा ‘हेंब्रा’ उजवीकडे. सवयीने फिरवून धरलात तर नेहमीच्या ‘मार्तियो’ ठेक्यात दोन्ही हातांची अदलाबदल होते आणि कुणाचं बघून शिकताच येत नाही.

पावसाळा

जुन्या क्युबन वादकांच्या पुड्या खिळ्यांनी ठोकलेल्या असायच्या, सूर उतरला की आगीवर शेकायच्या. आपली हलगी शेकतात तशाच. आता बोल्ट असतात, तरी कातडं ते कातडंच. जुलैत मुंबईत पुडी सैल पडते, आपण बोल्ट आवळतो आणि ते तसेच ठेवून एसीच्या खोलीत गेलो की कातडं ताणून तडकू शकतं. एकाच बोल्टाला पिळू नका, प्रत्येकाला थोडा थोडा पाव फेरा द्या. वाजवून झालं की तितकेच सैल करा. दोन कोंगे असतील तर मोठ्यावर खालचा पंचम आणि लहानावर त्याच्या लगेच वरचा षड्ज लावून बघा, ही जोडी फार चालते. आणि पुडी उतरली म्हणून कोंगा उन्हात ठेवू नका, लाकडाची जोडणी उकलते.