मधुमेहाचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या वर्षात या चुका टाळा

ठाण्यातील नौपाड्याच्या आमच्या इमारतीत कोणाच्या रक्तात साखर वाढलेली निघाली की ती व्यक्ती एकदा तरी माझ्याकडे येऊन जाते, कारण २०११ पासून मी टाइप २ मधुमेहासह जगते आहे आणि ते आता सर्वांना ठाऊक आहे. येणारा माणूस हातात रिपोर्ट घेऊन बसतो, घाबरलेला असतो, आणि आधीच्या दहा जणांनी केलेली चूकच तोही करायला निघालेला असतो. त्यांतली एक चूक माझ्या जिवावर बेतली होती, म्हणून आधी तीच सांगते.

ती चूक म्हणजे आजार लपवणे. निदान झाले तेव्हा माझी उपाशीपोटीची साखर १६८ आणि एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासणीचा आकडा, ८.४ टक्के होते. उपाशीपोटी १२६ किंवा एचबीएवनसी ६.५ टक्के झाले की मधुमेह मानतात, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. पण त्याच वर्षी थोरल्या मुलीसाठी स्थळे पाहणे सुरू होते. आईला मधुमेह आहे हे कळले तर लोक मागे फिरतील, या भीतीने मी फक्त पतीला सांगितले. सासूबाईंना नाही, बहिणीला नाही, वाशीच्या ऑफिसातील मैत्रिणींनाही नाही. गोळ्यांची पाकिटे मी शिवणाच्या डब्यात ठेवत असे आणि कोणी स्वयंपाकघरात नसताना घाईने गोळी घेत असे.

निदानानंतर चार महिन्यांनी संकष्टी आली. आमच्याकडे चंद्रोदय झाल्याशिवाय कोणी जेवत नाही आणि चंद्र उगवायला रात्रीचे नऊ तरी वाजतात. मला उपवास झेपणार नाही असे म्हटले असते तर कारण सांगावे लागले असते, म्हणून सकाळी नेहमीची गोळी घेतली आणि दिवसभर एक केळे आणि दोन कप चहा यांवर काढला. माझ्या गोळीत मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड होते. हे औषध स्वादुपिंडाला साखर उतरवणारे इन्सुलिन सोडायला लावते आणि त्याचा परिणाम दिवसभर टिकतो, मग आपण जेवलेले असू वा नसू. संध्याकाळी वाशीहून ठाण्याच्या गाडीत घणसोली सुटल्यावर मला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि समोरच्या बाईंनी काय विचारले ते कळेनासे झाले. डब्यातल्या बायकांना वाटले, गर्दीने घेरी आली असेल. कोणी पाणी दिले, कोणी वारा घातला. एका कॉलेजच्या मुलीने स्वतःची फ्रूटी माझ्या तोंडाला लावली म्हणून मी ठाण्याला माझ्या पायांनी उतरले. स्टेशनजवळच्या दवाखान्यात मोजली तेव्हा, ती फ्रूटी पोटात जाऊनही, साखर ५८ होती. सत्तरच्या खाली गेली की धोका सुरू होतो. माझ्या पर्समध्ये त्या दिवशी साखरेचा एक दाणाही नव्हता, कारण पर्स कोणी उघडली तर काय सांगायचे, हाच विचार मी करत आले होते.

त्या रात्री सासूबाईंना सर्व सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "अगं, माझ्या उपवासासाठी तू मरायला निघाली होतीस का?" पुढच्या संकष्टीला दुपारी त्यांनी स्वतः माझे ताट वाढले. मुलीचे लग्न पुढे दीड वर्षाने झाले आणि त्या घरी आम्ही पहिल्याच भेटीत माझ्या मधुमेहाविषयी बोललो होतो. त्यांच्याकडेही दोघांना होता.

म्हणून मी प्रत्येकाला सांगते की पहिल्या आठवड्यातच घरातील सर्वांना आणि रोजच्या प्रवासातील किंवा कामावरील निदान एका माणसाला हे कळू द्यावे. साखर एकदम उतरली तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी, अजून कमी असेल तर तेच पुन्हा करावे आणि मग काही खावे. माणूस शुद्धीत नसेल तर त्याच्या तोंडात काहीही घालू नये आणि सरळ रुग्णालयात न्यावे. माझ्या पर्समध्ये तेव्हापासून ग्लुकोजच्या पुड्या आणि औषधांची नावे लिहिलेला कागद असतो. उपवास करायचाच असेल तर गोळीचे काय करायचे हे आदल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारावे.

दुसरी चूक अधीर लोकांची आहे आणि तिने मला खरोखर थकवले आहे. ग्लुकोमीटर आणल्यापासून काही जण दिवसातून आठ-दहा वेळा बोट टोचतात आणि प्रत्येक आकड्याबरोबर त्यांचा जीव वरखाली होतो. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात शेजारचे एक गृहस्थ रात्री साडेदहाला आमच्या दारात आले, चेहरा पांढराफटक पडलेला, कारण मीटरने ३१२ दाखवले होते. त्यांनी आंबा खाल्लाच नव्हता, पण वाशीच्या बाजारातून आणलेली हापूसची पेटी उघडून नातवंडांना फोडी करून दिल्या होत्या आणि हात नुसते पुसले होते. त्यांना साबणाने हात धुवायला लावले, कोरडे करून दुसऱ्या बोटाच्या कडेला टोचले, तेव्हा आकडा १४८ आला. बोटावरचा फळाचा रस रक्ताच्या थेंबात मिसळतो आणि मीटरला त्यातला फरक कळत नाही. हात धुतल्याशिवाय टोचू नये, उघड्या डबीतील किंवा मुदत उलटलेल्या पट्ट्या वापरू नयेत, आणि एका आकड्यावरून गोळी वाढवू वा कमी करू नये. मी स्वतः आठवड्यातून दोन दिवस मोजते, एकदा उपाशीपोटी आणि एकदा जेवणानंतर दोन तासांनी, आणि काय खाल्ले होते ते वहीत शेजारी लिहिते. इन्सुलिन घेणाऱ्यांना अधिक वेळा मोजावे लागते. खरा अंदाज एचबीएवनसीने येतो, कारण तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि त्यांच्यावर चढलेली साखर गेल्या तीन महिन्यांचा हिशेब सांगते. आज चालायला सुरुवात केली म्हणून परवा ते बदलत नाही, आणि हे नवीन माणसाला पटवणे सर्वांत अवघड असते.

पहिला चांगला रिपोर्ट आला की गोळ्या बंद करणारेही याच अधीर माणसांतले. गोळ्यांमुळे आकडा उतरला आणि आकडा उतरला म्हणून गोळ्या सोडल्या, यात कसला विचार आहे, मला कळत नाही. औषधाशिवाय साखर काबूत राहणे काही जणांना खरोखर जमते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील डायरेक्ट या अभ्यासात जवळपास निम्म्या लोकांना वर्षभरात ते साधले, परंतु ती माणसे निदानाला सहा वर्षे न झालेली होती, त्यांनी देखरेखीखाली बरेच वजन उतरवले होते आणि त्यांची तपासणी चालू होती. कारल्याचा रस आणि मोबाइलवर आलेला सल्ला यांची तुलना त्याच्याशी करू नये. मेटफॉर्मिनने पोट बिघडते म्हणून ते सोडण्याआधीही डॉक्टरांना सांगावे. जेवणाबरोबर घेतल्याने आणि मात्रा हळूहळू वाढवल्याने बहुतेकांना ते सोसते.

साखरेऐवजी गूळ किंवा मध घेऊन काही साधत नाही. शेजाऱ्याची चिठ्ठी आपल्या औषधासाठी वापरू नये. डोळ्यांच्या पडद्याची, लघवीतील प्रथिनांची आणि पायांची तपासणी निदान झाल्याबरोबर करून घ्यावी, कारण टाइप २ मधुमेह बऱ्याचदा कळण्याआधी काही वर्षे शरीरात असतो. ज्वारीची भाकरी चांगली आहे, पण चार भाकऱ्या म्हणजे चार भाकऱ्याच.

मनाच्या बाबतीत सर्वांत अधिक त्रास देते ते स्वतःला दोष देणे. "गोड खाल्ले म्हणून झाले" हे वाक्य घरातले सहज बोलतात आणि ते ऐकणाऱ्याच्या मनात घर करते. आनुवंशिकता, पोटावरची चरबी, बैठे काम, अपुरी झोप अशी अनेक कारणे एकत्र येतात, आणि भारतीयांना तर कमी वजनातही हा आजार गाठतो. पहिले काही दिवस रडू येणे, चिडचिड होणे, जेवणाच्या ताटाकडे बघून मन उदास होणे हे मी अनुभवले आहे आणि त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. मात्र दोन आठवड्यांनंतरही झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल किंवा गोळ्या घ्याव्याशाच वाटत नसतील, तर तेही डॉक्टरांना सांगावे. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

घरच्यांकडून होणारी चूक म्हणजे वेगळा स्वयंपाक. प्रेमापोटी एका माणसासाठी बिनचवीची भाजी वेगळ्या पातेल्यात शिजते आणि तो माणूस आपल्याच घरात पंक्तीबाहेर बसल्यासारखा होतो. आमच्याकडे सर्वांना एकच जेवण असते. आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी, भात शेवटी आणि थोडा. जेवण झाल्यावर आम्ही दोघे पंधरा मिनिटे चालून येतो, आणि वेळ असला तर तलावपाळीपर्यंत जातो.