एजंटच्या हाती सर्च टूल देताय? आधी ‘चादरी’ शोधून बघा

सोलापुरातल्या एका चादर-टॉवेलवाल्याच्या जुन्या ऑर्डरी शोधायला मी एआय एजंटला (दिलेली टूल्स स्वतः वापरून काम करणाऱ्या एआयला) कीवर्ड सर्चचं, म्हणजे शब्द जुळवून शोधणारं, टूल जोडून दिलं. टूलच्या वर्णनात, म्हणजे एजंटला टूलची ओळख करून देणाऱ्या मजकुरात, एवढंच लिहिलं: ‘ऑर्डर शोधते.’ पठ्ठ्यानं सर्चमध्ये अख्खं वाक्य टाकलं, ‘गेल्या दिवाळीत पाठवलेल्या जेकार्ड चादरींची माहिती’. निकाल शून्य. मग बेधडक सांगून मोकळा, अशी ऑर्डरच नाही. ऑर्डर होती.

चूक माझी. एजंटला आतला कोड दिसत नाही, दिसतं ते फक्त वर्णन. म्हणून तिथं स्पष्ट लिहा: हे टूल अर्थ समजून घेत नाही, शब्द जुळवतं, दोन-तीन शब्दच द्या, सगळे सापडले तरच नोंद येते. सोबत एक बरोबर आणि एक चुकीचा नमुना द्या.

मराठीत खरी गोची विभक्तीची. पूर्ण शब्द जुळवणाऱ्या सर्चला ‘चादर’ दिलं, तर ‘चादरीचा’ सापडत नाही. बाजारात कुणी ‘चद्दर’ही लिहितं. अशी रूपं वेगवेगळी शोधायला सांगा. ‘ॲ’ मात्र दोन तऱ्हांनी टाइप होतो, दिसतो सारखाच, पण सर्चला ती दोन वेगळी अक्षरं वाटतात. ते वर्णनात लिहीत बसू नका, टूलमध्येच एकसारखं करून घ्या. देवनागरी-इंग्रजी आकड्यांचंही तेच.

आणि काही सापडलं नाही तर टूलनं नुसती रिकामी यादी परत देऊ नये. ‘या शब्दांनी नोंद सापडली नाही, एखादा शब्द कमी करा किंवा रूप बदला’ असं उत्तर द्यावं. माझा एजंट त्यानंतर दुसऱ्या प्रयत्नात ‘जेकार्ड’ एवढंच टाकू लागला.