सातव्या गड्याकडे कसं बघावं

कॅनडातल्या विनिपेगला आल्यावर पहिली तीन वर्षं मी आइस हॉकी चुकीचीच बघितली. सगळ्यांसारखा पकच्या, म्हणजे त्या रबरी चकतीच्या, मागे डोळे पळवत बसायचो. मी मूळचा सांगलीचा. कॉलेजच्या कबड्डी संघात उजवा कव्हर होतो, तोही चार सामन्यांत एकदा, बाकी वेळ राखीव. त्यामुळे बाकावरच्या माणसाकडे माझं लक्ष आपसूक जातं. तुम्हाला हा खेळ कळून घ्यायचा असेल तर स्टारचा नाद सोडा आणि ज्याची जागा पक्की नाही असा एक डिफेन्समन, म्हणजे बचावातला गडी, धरा.

आधी हिशेब. एनएचएल, म्हणजे इथली सगळ्यात वरची हॉकी लीग, तिच्या संघात जास्तीत जास्त २३ जण, सामन्याला २०. त्यात दोन गोली (गोलरक्षक), बहुधा १२ फॉरवर्ड (चढाई करणारे) आणि सहा डिफेन्समन, म्हणजे तीन जोड्या. सातवा डिफेन्समन न खेळता सूट घालून वर गॅलरीत बसतो.

विनिपेगचा एनएचएल संघ म्हणजे आमचे जेट्स, त्यांच्यातलं उदाहरण विले हाइनोलाचं. फिनलंडचा पोरगा, २०१९च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या वार्षिक निवडीत, विसावा निवडला. त्याच मोसमात, अठराव्या वर्षी, आठ सामने खेळला आणि मग परत फिनलंडला. २०२३च्या सराव सामन्यांत घोटा मोडला. त्यानंतर कधी जेट्स, कधी त्यांचा खालचा संघ मॅनिटोबा मूस. पास काय सुरेख देतो! पण अंगापिंडानं लहान, शिवाय खेळतो डाव्या बाजूनं, आणि तिथे जॉश मॉरिसी ठाण मांडून आहे. डावा कोपरा भरलेला असेल तर दुसरा चांगला डावा कोपरा बाहेरच बसणार, हे कबड्डीवाल्याला सांगायला नको.

तिकीट काढाल ते गोलच्या मागे, वरच्या रांगेतलं. टीव्हीचा कॅमेरा पकबरोबर फिरतो, आपला माणूस चौकटीबाहेर राहतो. एक नंबर धरा आणि त्याच्या लागोपाठ चार शिफ्ट, म्हणजे बर्फावरच्या चार पाळ्या, फक्त त्यालाच बघा. शिफ्ट पाऊण मिनिटाची, म्हणजे काही फार मागत नाहीये मी.

पक कोपऱ्यात गेला आणि तो आणायला निघाला की त्याची मान बघा. पकपर्यंत पोचायच्या आधी खांद्यावरून मागे नजर टाकली का? ज्यानं टाकली त्याला कळलेलं असतं मागून कोण येतंय आणि पास कुठे द्यायचा. ज्यानं नाही टाकली तो काचेवर आदळतो किंवा घाबरून पक कुठेही भिरकावतो. समोरून फॉरवर्ड अंगावर येतो तेव्हा दोघांतलं अंतर बघा. आपला माणूस फार मागे सरला तर फॉरवर्डला गोलवर मारायला मोकळीक मिळते, फार पुढे झेपावला तर फॉरवर्ड बगलेतून निसटतो. जागा पक्की नसलेल्याची हीच गोची. कोचच्या नजरेत भरायचं म्हणून तो मोठी धडक द्यायला जातो. आम्हीही घाईनं पकड टाकून असेच गुण घालवायचो. सहाव्या डिफेन्समनचा चांगला दिवस म्हणजे घरी जाताना त्याचं नाव कुणाला आठवू नये.

कोच त्याला कधी पाठवतो तेही टिपा. घरच्या मैदानावर शेवटचा बदल आपल्या हातात असतो, त्यामुळे कोच त्याला समोरच्या तगड्या फळीपासून लपवू शकतो. आइसिंग झालं, म्हणजे आपल्या अर्ध्यातून पक थेट समोरच्या गोलरेषेपार भिरकावला, की मात्र चुकलेल्या संघाला माणूस बदलता येत नाही. दमलेला तसाच अडकतो, आणि खरी परीक्षा तीच. तिसऱ्या सत्रात एका गोलची आघाडी असताना तो बर्फावर दिसला तर कोचचा भरवसा बसलाय असं समजा. प्लस-मायनसच्या आकड्याला (तो बर्फावर असताना संघानं केलेले आणि खाल्लेले गोल यांतला फरक) मी फारसा विचारत नाही. पाच मिनिटांच्या नशिबावर तो उलटतो.

जमलं तर मूसचा सामनाही बघा. तिकीट स्वस्त, इमारत तीच, कॅनडा लाइफ सेंटर. वर जेट्सकडून चौदा मिनिटं चाचपडत खेळणारा इथे पॉवर प्लेवर, म्हणजे समोरचा गडी शिक्षा होऊन बाहेर असताना, राजासारखा फिरतो.

पण खाली पाठवणं बहुतेकांच्या बाबतीत सोपं नसतं. आधी वेव्हरवर टाकावं लागतं, आणि २४ तासांत बाकीच्या ३१ संघांपैकी कुणीही त्याला उचलू शकतं. निकाल आमच्या वेळेप्रमाणे दुपारी एकला लागतो. मी त्या वेळी डबा उघडलेला असतो. एका हातात पोळी, दुसऱ्यात फोन.